‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह: नावं दिसतात, फाइल उघडत नाही

ऑगस्ट-सप्टेंबरात पुण्यातल्या डीटीपीवाल्यांकडे दिवाळी अंकांची घाई असते. जुना संगणक नेमका तेव्हाच मान टाकायला लागतो. नवा येतो, आणि काम हलवायला कुणीतरी पदपथावरून किंवा ऑनलाइन ‘२ टीबी’चा पेनड्राइव्ह उचलतं. किंमत चांगल्या ६४ जीबीच्या ड्राइव्हएवढी. शंका तिथेच यायला हवी.

आत चिप असते ३२-६४ जीबीची. ड्राइव्ह चालवणाऱ्या कंट्रोलर चिपचं फर्मवेअर (तिच्यात भरलेला प्रोग्रॅम) बदललेलं असतं, त्यामुळे ड्राइव्ह विंडोजला खोटी क्षमता सांगतो. (खरी १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते, ती फसवणूक नव्हे, मोजायची रीत वेगळी.) कॉपी करताना एकही एरर येत नाही. फाइलींची यादी ड्राइव्हच्या सुरुवातीच्या भागात असते, ती बहुधा शाबूत राहते. त्यामुळे नाव, तारीख, आकार सगळं जागच्या जागी. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा मात्र हवेत जातो, नाहीतर आधीच्याच डेटावर लिहिला जातो.

पानं लावायच्या इनडिझाइन सॉफ्टवेअरमध्ये हे आणखी उशिरा कळतं. चित्राचं पूर्वदर्शन इनडिझाइनच्याच इंडीडी फाइलमध्ये साठवलेलं असतं, त्यामुळे पान पडद्यावर ठीक दिसतं. चित्राची मूळ टिफ किंवा पीएसडी फाइल मेलेली आहे हे समजतं प्रेससाठी पीडीएफ काढताना. तोवर जुना संगणक एक्स्चेंजमध्ये गेलेला असतो, आणि फाइली ‘कट’ करून हलवलेल्या असतात. कट कधीच करू नका.

ड्राइव्ह आणल्या दिवशी विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू हे तपासणीचं साधन चालवा, मॅक-लिनक्सवर एफथ्री. दोन्ही मोफत. ही साधनं रिकामी जागा पूर्ण भरतात आणि परत वाचून ताडतात. सेकंदाला १० एमबीच्या वेगाने २ टीबी नुसतं भरायलाच ५५ तास लागतात, म्हणून कुणी तपासत नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं. पण पूर्ण भरायची गरज नाही. एचटूटेस्टडब्ल्यूला १०० जीबीचा आकडा द्या, ३२-६४ जीबीची चिप तेवढ्यात उघडी पडते.

हलवताना इनडिझाइनचं ‘पॅकेज’ करा: लिंक्स (जोडलेली चित्रं), फॉन्ट, आयडीएमएल (जुन्या आवृत्तीतही उघडणारी प्रत) एका फोल्डरमध्ये येतात. अडोबी फॉन्ट्स या ऑनलाइन सेवेवरचे फॉन्ट त्यात येत नाहीत. श्रीलिपीचा जुना फॉन्ट नव्या यंत्रावर नसेल तर मराठीच्या जागी रोमन गिचमिड दिसते. ऑटोकॅडमधली ड्रॉइंग हलवायची असतील तर तसंच ‘ईट्रान्समिट’ वापरा, नाहीतर एक्सरेफ (ड्रॉइंगला जोडलेल्या दुसऱ्या फाइली) मागेच राहतात. मग त्या फोल्डरची झिप करून कॉपी करा, ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढा, नव्या संगणकात लावा आणि सेव्हन-झिपमधून ‘टेस्ट’ करा. ड्राइव्ह न काढता तपासलं तर विंडोज आपल्याच मेमरीतली प्रत दाखवू शकतं. जुनी डिस्क महिनाभर तरी पुसू नका.

नुकसान झालंच असेल तर दुसरी फसवणूक दारात उभी असते: ‘सगळा डेटा काढून देतो’ म्हणणारा, आगाऊ पैसे घेणारा. जे चिपवर लिहिलंच गेलं नाही ते कुणी कसं काढणार? आशा आहे ती जुन्या संगणकाच्या डिस्कमध्ये, तो अजून हाताशी असेल तर. ती हार्ड डिस्क असेल तर संगणक ताबडतोब बंद करा, म्हणजे पुसलेल्या फाइलींवर नवं काही लिहिलं जाणार नाही. एसएसडी असेल तर पुसलेला डेटा ट्रिममुळे (पुसलेली जागा आपोआप मोकळी करणाऱ्या सोयीमुळे) बहुधा गेलेला असतो. ड्राइव्हचं पक्कं बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. बिलाशिवाय घेतलेल्या ड्राइव्हचा विक्रेता ओळखसुद्धा दाखवत नाही.