मुद्रितशोधनाच्या टेबलावर लिनक्स मिंट : दहा महिन्यांच्या वापरानंतर

माझा लॅपटॉप २०१६ सालचा आहे. त्यात सहाव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर आहे, आणि मध्यंतरी एकदा रॅम ८ जीबीपर्यंत वाढवून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून घेतली होती. मराठी पुस्तकांची मुद्रिते तपासणे आणि अधूनमधून अनुवाद करणे, एवढेच काम हे यंत्र रोज सात-आठ तास करते, आणि त्या कामाला ते आजही कुठे कमी पडत नाही. मात्र विंडोज १० चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणारी अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार, हे बरेच आधी जाहीर झाले होते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो मार्ग माझ्या यंत्राला खुला नव्हता. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अद्यतने घेण्याची सोय होती, पण त्यामुळे प्रश्न वर्षभर पुढे गेला असता, सुटला नसता. धडधाकट यंत्र केवळ एका तारखेमुळे भंगारात काढणे मला पटत नव्हते. म्हणून २०२५ च्या जानेवारीत, विंडोजच्या जागी बसवता येणाऱ्या लिनक्स मिंट या मुक्त संगणकप्रणालीची २२.१ ही आवृत्ती प्रसिद्ध झाल्यावर, मी पूर्ण काम त्यावर हलवले. त्याला आता दहा महिने होत आले.

बसवण्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पेन ड्राइव्हवरून मिंट चालू करून, काहीही न पुसता, दोन दिवस ते नुसते वापरून पाहिले आणि मग एसएसडीवर घेतले. वाय-फाय, ध्वनी, पडद्याची प्रखरता, सगळे पहिल्याच वेळी चालले. सिनॅमन हा मिंटचा मुख्य डेस्कटॉप खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू अशा परिचित मांडणीचा असल्यामुळे हात अडखळला नाही. सिनॅमन ६.४ मध्ये संध्याकाळनंतर पडद्याचा निळसर प्रकाश कमी करण्याची सोय अंगभूत आली आहे. रात्री उशिरापर्यंत मुद्रिते वाचणाऱ्याच्या डोळ्यांना तिचा फार आधार वाटतो.

मला खरी धास्ती होती ती कळफलकाची. मी गेली अनेक वर्षे इनस्क्रिप्टवर टंकलेखन करते, आणि बोटांत बसलेला कळफलक बदलणे हे हस्ताक्षर बदलण्याइतके अवघड असते. मिंटच्या कीबोर्डच्या यादीत मराठी इनस्क्रिप्ट तयार मिळतो. तो निवडला, मराठी-इंग्रजी अदलाबदलीचे काम कॅप्स लॉकच्या कळीला दिले आणि पहिल्याच तासात माझा वेग परत आला. अक्षरांच्या जागा त्याच आहेत: जे वर र, शिफ्ट-जे वर ऱ, एन वर ल, शिफ्ट-एन वर ळ. कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर उतरवून घ्यावे लागले नाही.

मी या तपशिलावर थांबते, कारण मराठी मजकुराची परीक्षा बहुतेक वेळा र या एका अक्षरावर होते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. ‘आचार्यांना’ वंदन करायचे असते आणि ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचे सांगायचे असते. या दुसऱ्या प्रकारचा र इनस्क्रिप्टवर शिफ्ट-जे, मग डी, मग पुढचे व्यंजन अशा क्रमाने येतो. ‘दऱ्या’ लिहिताना शेवटी तिरक्या रेघेची कळ आणि ई, की झाला शब्द. अडचण अशी की हाच र साध्या र ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकूनही उमटवता येतो, आणि अनेक लेखकांच्या फायलींत तो तसाच येतो. छापल्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. तीनशे पानांच्या कादंबरीत ‘दुसऱ्या’ शोधायला जावे आणि निम्मे ‘दुसऱ्या’ हाती लागू नयेत, असे त्यामुळे घडते.

लिब्रेऑफिस या वर्डसारख्या मुक्त सॉफ्टवेअरने या कामात माझी जी मदत केली आहे, ती मला आधीच्या व्यवस्थेत कधी सापडली नव्हती. कदाचित मी तिथे शोधलीही नसेल. अक्षरापुढे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबले की त्या अक्षराचे युनिकोड क्रमांक, म्हणजे संगणक ज्यांवरून अक्षर ओळखतो ते क्रमांक, समोर येतात आणि पुन्हा दाबले की अक्षर पूर्ववत होते. त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह नेमके कुठे दडले आहे, हे कळते. शोधा-आणि-बदला या खिडकीत रेग्युलर एक्स्प्रेशनचा, म्हणजे नमुन्यावरून शोधण्याचा, पर्याय निवडून ते चिन्ह त्याच्या क्रमांकाने शोधता येते आणि संपूर्ण पुस्तकातला हा र एका पद्धतीवर आणता येतो. ‘ॲ’ या अक्षराचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली, तरी अ वर चंद्र देऊन ते लिहिणारे आजही पुष्कळ आहेत. प्रत्येक नवीन हस्तलिखितावर मी आता सर्वांत आधी या दोन बदलांचा हात फिरवते आणि मगच वाचायला बसते.

ज्यांना रोमन अक्षरांत टाइप करून मराठी उमटवण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी कळफलक बदलण्याच्या आयबस या सोयीतून फोनेटिक कळफलक घेता येतो. परंतु फोनवर किंवा ब्राउझरमध्ये जशी अर्धवट शब्दावरून सूचनांची यादी येते, तशी तिथे येत नाही. प्रत्येक अक्षर ठरलेल्या कळींनीच लिहावे लागते. माझ्या वहिनींना आठवडाभर ते जड गेले. पुढे त्यांचा हात बसला, पण आधीच्या वेगाने लिहिता येते, असे त्या अजून म्हणत नाहीत.

फॉन्टच्या बाबतीत मात्र पूर्ण समाधान नाही. लेखकांकडून येणाऱ्या फायली बहुतेक वर्डच्या असतात आणि त्यांत मंगल, कोकिळा किंवा निर्मला यांपैकी एखादा फॉन्ट असतो. हे फॉन्ट विंडोजबरोबर येतात, मिंटमध्ये ते नसतात. मग त्यांच्या जागी दुसरा देवनागरी फॉन्ट उभा राहतो, अक्षरांची रुंदी बदलते, ओळी सरकतात आणि लेखकाच्या पान ४२ वरचा परिच्छेद माझ्याकडे ४४ वर जातो. इंग्रजीतल्या कॅलिब्री आणि कॅम्ब्रियासाठी तंतोतंत त्याच मापाचे कार्लिटो आणि कॅलाडिया हे मुक्त फॉन्ट आहेत. देवनागरीसाठी असे काही मला मिळाले नाही. उपाय म्हणून मी लेखकांना मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट किंवा ‘नोटो’ वापरण्याची विनंती करते. दोन्ही विनामूल्य आहेत आणि कुठल्याही यंत्रावर बसतात. बहुतेकजण आनंदाने ऐकतात. जे ऐकत नाहीत, त्यांच्याशी मी पानाच्या क्रमांकाऐवजी परिच्छेदाच्या पहिल्या शब्दांवरून बोलते. वर्डमधल्या नोंदवलेल्या दुरुस्त्या आणि समासातल्या टिपा यांची देवाणघेवाण मात्र दोन्ही बाजूंनी नीट होते, आणि माझ्या व्यवसायाचा प्राण त्यातच आहे.

फॉन्टचाच आणखी एक मुद्दा. देठाचा श आणि पाकळीचा ल ही मराठीची वळणे आहेत. ज्या फॉन्टमध्ये त्यांची सोय असते, त्यांतही ती तेव्हाच उमटतात, जेव्हा मजकुराची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असते. हिंदी नोंदली असेल, तर हिंदी वळणे येतात. लिब्रेऑफिसच्या भाषांच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे आणि प्रत्येक मराठी लिहिणाऱ्याने ते करावे, असे मला मनापासून वाटते.

जे जमले नाही, तेही लिहायला हवे. दोन जुने मुद्रक अजून युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये पाने लावतात, आणि त्यांच्या सॉफ्टवेअरला विंडोज आणि यूएसबीची परवाना-किल्ली लागते. ते मिंटवर चालवण्याचा नाद मी सोडून दिला. त्यांना मी युनिकोड मजकूर देते, रूपांतर ते करतात, आणि शेवटचे वाचन त्यांच्या कार्यालयात जाऊन कागदावर होते. रूपांतरात जोडाक्षरे तुटतात, म्हणून हे शेवटचे वाचन मला टाळता येत नाही. माझ्या जुन्या लेझर प्रिंटरसाठी त्याच्या कंपनीने लिनक्सचे सॉफ्टवेअर दिलेलेच नाही. तीन दिवस खटपट करून मी तो भाच्याला दिला आणि ड्रायव्हरशिवाय वाय-फायवरून चालणारा दुसरा घेतला. तो जोडताच ओळखला गेला. हा खर्च मी धरला नव्हता. आपल्यापैकी कुणी मिंटकडे वळणार असेल, तर आधी प्रिंटरची चौकशी करावी.

अद्यतनांचा त्रास झाला नाही. ती आल्याची खूण पट्टीवर दिसते आणि केव्हा घ्यायची, ते मी ठरवते. मुदतीच्या दिवशी यंत्र आपणहून बंद होऊन चालू झाले, असे या दहा महिन्यांत एकदाही घडले नाही. सप्टेंबरमध्ये २२.२ आली, तिच्यावर अद्यतन व्यवस्थापकातूनच गेले. २२ क्रमांकाच्या या मालिकेला २०२९ पर्यंत आधार मिळणार आहे.

जून महिन्यात मात्र माझ्याच हातून एक चूक झाली. नको असलेले प्रोग्रॅम काढताना डेस्कटॉपला लागणारा एक भागही मी काढून टाकला आणि पुढच्या वेळी समोर काळा पडदा आला. टाइमशिफ्ट या मिंटमधल्या साधनाने घेतलेली प्रणालीची आदल्या दिवशीची नोंद होती म्हणून मी पेन ड्राइव्हवरून मिंट चालू केले, ती नोंद परत बसवली आणि संध्याकाळी कामाला लागले. एक गोष्ट ध्यानात ठेवावी: टाइमशिफ्ट मूळ मांडणीत फक्त प्रणालीच्या फायली जपते, आपली कागदपत्रे जपत नाही. माझी हस्तलिखिते मी रोज रात्री वेगळ्या बाह्य डिस्कवर उतरवते.

पेन ड्राइव्हवरून मिंट चालवून पाहणाऱ्या मराठी लेखक-संपादकांनी एसएसडीला हात लावण्याआधी एक चाचणी जरूर करावी. आपल्या नेहमीच्या कळफलकावर दर्या, दऱ्या, आचाऱ्यांना, ॲप, ऑफिस, शल्य, लाल, ळ आणि क्ष-ज्ञ असलेले दोन-चार शब्द टाइप करावेत, मजकुराची भाषा मराठी करावी, ती फाइल वर्डच्या स्वरूपात जतन करून ज्यांच्याशी आपला रोजचा व्यवहार आहे अशा एखाद्याला पाठवावी आणि त्यांच्याकडून दुरुस्त होऊन परत येऊ द्यावी. मग ती आपल्या प्रिंटरवर छापून कागदावर वाचावी. माझ्याकडे पहिल्या खेपेला त्यात फक्त श आणि ल हिंदी वळणाचे आले होते, आणि ते भाषा बदलताच सुधारले.