किल्लारी, नीट आणि म्यूटची यादी

समाजमाध्यमांवर नको असलेले शब्द म्यूट करण्याची, म्हणजे ते शब्द असलेल्या पोस्ट आपल्यापुरत्या लपवण्याची सोय मी गेली तीन वर्षे नियमितपणे वापरत आहे. ती मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसाच्या कितपत उपयोगाची आहे, हे येथे मांडत आहे.

मला तिची गरज का पडली, हे आधी सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन आटोपून गावे झोपेत असताना भूकंप झाला, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. किल्लारीजवळच्या आमच्या गावातली जवळजवळ सगळी घरे दगड-मातीची, वर जड माळवद असलेली होती आणि ती माणसांच्या अंगावर बसली. आजी आणि धाकटा भाऊ त्यात गेले. दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ढिगाऱ्यांची आणि चितांची छायाचित्रे पुन्हा फिरू लागतात. ती टाकणाऱ्यांचा हेतू श्रद्धांजलीचाच असतो, याची मला जाणीव आहे. तरीही सकाळी चहा घेताना फोन उघडावा आणि ते दृश्य एकदम समोर यावे, हे मला सोसत नाही. स्मरण मी माझ्या वेळेला, माझ्या पद्धतीने करते.

एक्सवर ही सोय २०१६ पासून आहे; त्या वेळी त्याचे नाव ट्विटर होते. सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सेफ्टी या भागात म्यूट अँड ब्लॉकखाली म्यूटेड वर्ड्सची यादी असते. तेथे शब्द लिहायचा, तो होम टाइमलाइनवर लपवायचा की नोटिफिकेशनमध्येही हे ठरवायचे, नोटिफिकेशनमध्ये लपवताना सर्वांकडून आलेले की आपण फॉलो न करणाऱ्यांकडूनच आलेले हे ठरवायचे आणि शेवटी मुदत निवडायची : २४ तास, ७ दिवस, ३० दिवस किंवा कायम. या सोयीतली सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट मला ही मुदतच वाटते. मला ‘भूकंप’ हा शब्द आयुष्यातून काढायचा नाही, सात दिवसांपुरता दूर ठेवायचा आहे, आणि मुदत संपली की तो आपोआप परत येतो.

अडचण आहे ती आपल्या भाषेच्या घडणीची. साधारणपणे अशा याद्या शब्द जसा लिहिला तसाच शोधतात. इंग्रजीत एखादा शब्द आणि त्याचे अनेकवचन लिहिले की काम बरेचसे संपते. मराठीत मात्र शब्द वाक्यात आला की त्याचे रूप बदलते : भूकंप, भूकंपाचा, भूकंपाच्या, भूकंपाने, भूकंपात, भूकंपग्रस्त, किल्लारी, किल्लारीत, किल्लारीचा, किल्लारीच्या, किल्लारीकर. पहिल्या वर्षी मी फक्त मूळ शब्द लिहून निश्चिंत झाले होते आणि ३० तारखेला सकाळी पहिलीच पोस्ट ‘भूकंपाच्या आठवणी’ अशी दिसली. त्यानंतर मी एक संध्याकाळ बसून सगळी रूपे लिहून काढली. त्यांत ‘भुकंप’ हे चुकीचे रूपही घालावे लागते, कारण निम्मे लोक ते तसेच लिहितात, आणि रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्यांसाठी वेगळी नोंद करावी लागते ती निराळीच. ‘पाऊस’सारख्या शब्दाचे तर ‘पावसाने’ होताना मूळच बदलते, त्यामुळे शब्दाचा तुकडा जुळवून पाहणारे यंत्रही तेथे हरेल. सध्या माझ्या यादीत २६ नोंदी आहेत आणि त्यांतले मूळ शब्द मोजले तर चारच भरतात.

मुलीसाठी यादी करताना याच्या नेमकी उलट अडचण आली. लातूरमध्ये वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुलामुलींच्या फीडमध्ये नीट या परीक्षेखेरीज दुसरे काही नसते. कट-ऑफचे अंदाज, इतरांचे गुण, क्लासच्या जाहिराती. २०२४ च्या निकालानंतर पेपरफुटीच्या बातम्यांनी त्यात भर घातली आणि मुलीची झोप उडाली. तिने ‘नीट’ हा शब्द म्यूट केला. पण ‘नीट’ हा आपला रोजचा शब्दही आहे. ‘नीट जेव’, ‘नीट वाच’, ‘सगळे नीट होईल’ असे मैत्रिणींनी धीर देण्यासाठी लिहिलेलेही त्या यादीत अडकले आणि ते तिला चार दिवसांनी कळले. मग आम्ही साधा ‘नीट’ काढून टाकला आणि नीटचा, नीटच्या, नीटला, नीटमध्ये ही रूपे ठेवली, कारण ‘नीट’ या क्रियाविशेषणाला असे प्रत्यय लागत नाहीत. जोडीला रोमन लिपीतले परीक्षेचे नाव आणि हॅशटॅग लावलेले ‘नीट’ घातले. एक्सवर हॅशटॅगसह लिहिले तर फक्त हॅशटॅगच लपतो आणि नुसता शब्द लिहिला तर शब्द आणि हॅशटॅग दोन्ही लपतात, हा भेद येथे फार कामी आला. भूकंपासाठी मूळ शब्द हवाच होता, नीटसाठी मूळ शब्द सोडून बाकीचे हवे होते. व्याकरणाचा असा उपयोग शाळेत कुणी सांगितला नव्हता.

गावाचे नाव म्यूट करताना मात्र फार सावध राहावे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, नद्यांना पूर आले आणि पिके पाण्यात गेली. त्याच आठवड्यात माझ्या यादीत ‘किल्लारी’ आणि तिची सगळी रूपे होती, त्यामुळे त्या परिसरातील पावसाच्या आणि बंद रस्त्यांच्या पोस्टही मला दिसल्या नाहीत. माझ्या भावाचे शेत तिकडेच आहे. ही चूक माझी होती. आता मी गावाचे नाव एकटे न घालता ‘किल्लारी भूकंप’, ‘किल्लारीचा भूकंप’ असे शब्दसमूह घालते. पकड थोडी सैल होते, पण उपयोगाची बातमी अडत नाही.

या बाबतीत मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाची रचना मला सर्वांत समंजस वाटली. तेथे ‘पूर्ण शब्द’ ही खूण काढून टाकली की ‘भूकंप’ या एका नोंदीत ‘भूकंपाच्या’, ‘भूकंपग्रस्त’ हेही सापडते, आणि पोस्ट पूर्ण लपवण्याऐवजी ती कोणत्या फिल्टरमुळे झाकली आहे ते सांगून उघडायची की नाही हे आपल्यावर सोडता येते. मला हेच हवे असते : पोस्ट आहे हे कळावे, छायाचित्र एकदम समोर येऊ नये. दुर्दैवाने माझ्या ओळखीतले कुणी तेथे नाही. ब्लूस्काय या समाजमाध्यमावर मुदत आहे आणि आपण फॉलो करत असलेल्यांना वगळण्याची मुभाही आहे, पण शब्दरूपांचा प्रश्न तेथे एक्ससारखाच आहे. इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये आणलेली हिडन वर्ड्सची सोय मुळात टिप्पण्या आणि मेसेज यांतली शिवीगाळ अडवण्यासाठी होती. त्या कामासाठी, विशेषतः मुलींच्या खात्यांवर, ती जरूर चालू करावी.

छायाचित्रांपुढे मात्र या याद्यांचे काही चालत नाही. आपल्याकडे श्रद्धांजली असो की निकालाचे अभिनंदन, मजकूर बॅनरवरच छापलेला असतो आणि सोबत नुसती हात जोडल्याची इमोजी असते. लिखित शब्दच नसेल तर यादीने अडवायचे तरी काय? म्हणून मी त्या आठवड्यात दरवर्षी ठरावीक छायाचित्रे टाकणारी सहा-सात खातीही म्यूट करते. त्यांना ते कळत नाही आणि कुणाचे मन दुखावत नाही.

व्हॉट्सॲपवर शब्द म्यूट करताच येत नाहीत. ग्रुपच्या सूचना ८ तास, एक आठवडा किंवा कायमच्या बंद करता येतात, एवढेच. आमच्या घरच्या ग्रुपवर मी २९ सप्टेंबरला संध्याकाळी एक आठवडा निवडते आणि भावांना आधी सांगून ठेवते, की पावसाचे किंवा आईच्या तब्येतीचे काही असेल तर ग्रुपवर टाकू नका, सरळ फोन करा.