शाळेच्या बँडसाठी जुनी पितळी वाद्यं: वर्षभराच्या वापरानंतर

जुनी वाद्यं घ्यावीत का, असं विचाराल तर माझं उत्तर 'हो' आहे. फक्त किंमत ठरवताना दुरुस्तीचे पैसे आधीच धरा. गेल्या मे महिन्यात लग्नाच्या एका बँडवाल्यांनी डीजेपुढे हात टेकून संच विकायला काढला, त्यातले काही ट्रम्पेट आणि एक युफोनियम (भारदस्त आवाजाचं मोठं पितळी वाद्य) आम्ही उचललं. जूनपासून मुलं रोज वाजवतायत. १५ ऑगस्ट, क्रीडामहोत्सव, २६ जानेवारीचं संचलन, सगळं याच वाद्यांवर झालं.

घेताना चकाकी बघू नका. ब्रासो मारून कुठलंही पितळ झळकतं. बघायचे ते पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या झडपा. पिस्टन न दाबता त्याची छोटी स्लाइड (आत-बाहेर सरकणारी नळी) ओढायची आणि मग पिस्टन दाबायचा. 'पॉक' असा आवाज आला तर हवा गळत नाही. आवाजच नाही, तर पिस्टन झिजलाय. त्यावर नव्याने मुलामा चढवून घासून बसवणं हे महागडं काम आहे, शाळेच्या बजेटात बसत नाही. आमच्यात एक यामाहा वायटीआर-२३३५ ट्रम्पेट होता. बेलवर (पुढच्या कर्ण्यावर) पोचे, लॅकर म्हणजे वरचं रोगण निम्मं उडालेलं, पण मोनेलचे (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूचे) पिस्टन ठणठणीत. आज सगळ्यात गोड तोच वाजतो. बेलवरचे पोचे तर आम्ही काढलेच नाहीत. तोंडाकडच्या नळीवर गुलाबी ठिपके दिसले तर मात्र वाद्य जागेवर ठेवून द्या. पितळातलं जस्त निघून गेलेलं असतं आणि नळी आतून पोखरत येते.

युफोनियमची गोष्ट वेगळी. जुनी इंग्लिश बनावट, आवाज भारदस्त, पण ट्रम्पेटबरोबर वाजवलं की अंगावर काटा यायचा. सूर जुळवायची मुख्य स्लाइड पूर्ण ओढूनही सूर चढाच. विलायतेतले ब्रास बँड १९६०च्या दशकापर्यंत चढ्या पट्टीत, म्हणजे जुळवणीचा A सूर साधारण ४५२ हर्ट्झवर धरून वाजवत. आपण आज ४४०वर. फरक म्हणजे पेटीवरच्या शेजारच्या काळी-पांढरीत जेवढं अंतर, त्याच्या जवळपास निम्मा. कारागिराने मुख्य स्लाइडच्या दोन्ही पायांना मिळून आठेक सेंटिमीटर नळी जोडली, तेव्हा सूर खाली आला. तीन पिस्टनच्या स्लाइडही थोड्या बाहेर ठेवाव्या लागतात, मुलांना खुणेसाठी रेघ मारून दिली आहे. विकत घेतानाच मोकळा (पिस्टन न दाबता निघणारा) सूर 'काळी पाच'शी, म्हणजे ट्यूनरवरच्या B♭ (A#)शी जुळतो का ते बघा, आणि तेही मोबाईलच्या ट्यूनरवर. शाळेच्या पेटीवर विश्वास ठेवू नका, ती स्वतःच कुठल्या पट्टीत आहे देव जाणे.

बाकी कामं किरकोळ निघाली. अडकलेल्या स्लाइडना तेल सोडून दोन दिवस ठेवलं. स्प्रिंग, फेल्ट, पाणी काढायच्या किल्लीचं बूच बदललं. बँडच्या वाद्यांचं मोठं माहेरघर म्हणजे मेरठची जली कोठी, सुटे भाग तिकडून आले. मात्र एका बनावटीची टोपी दुसऱ्याच्या आट्यांत बसेलच असं नाही, नमुना सोबत पाठवावा.

वापरात खरा त्रास मुलांच्या हातांचा. पुसायला काढलेले पिस्टन अदलाबदल करून घालतात आणि मग 'सर, फुंकच जात नाही!' प्रत्येकावर १, २, ३ आकडे कोरलेले असतात, ते वाचायला शिकवलं. माउथपीस रुतला की पक्कड चालवतात, त्यात नळीच पिळवटते. त्यासाठीचा पुलर आणून कपाटात ठेवला, किल्ली माझ्याकडे. शिलाई मशीनचं तेल जाड पडतं, पिस्टन सावकाश वर येतो. पिस्टनसाठीच्या व्हॉल्व्ह ऑइलवर कंजुषी नको. धुताना पाणी कोमट असावं, कढत पाण्याने उरलंसुरलं लॅकरही सुटतं.

याच बँडवाल्यांकडे एक सूझाफोनही (अंगाभोवती घालून वाजवायचं मोठं वाद्य) होता, स्वस्तात देत होते. स्लाइड ओढून पिस्टन दाबून पाहिले, 'पॉक' काही झालं नाही. सोडून दिला. आता ट्रॉम्बोन शोधतोय, स्लाइड सरळ असलेला.