वेल्ड शॅमेलिऑनच्या पिंजऱ्यातली झाडं: अख्खा पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

पावसाळा आणि थंडी दोन्ही सरल्यावर लिहितोय. किनाऱ्यावरच्या पावसातून तगल्याशिवाय कुठलंही झाड दुसऱ्याला सुचवू नये असं मला वाटतं. आम्ही मालवणला राहतो. आमचा सरडा वेल्ड शॅमेलिऑन, ही जात मूळची येमेन-सौदीकडची. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची रीतसर नोंद केली आहे. (आपल्याकडच्या घोयरा सरड्याला, म्हणजे इथल्या शॅमेलिऑनला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. कुंपणावर दिसला तर तिथेच राहू द्या.) वेल्ड किड्यांबरोबर पानंही खातो, म्हणून आत ठेवलेलं प्रत्येक झाड त्याच्या पोटात जाणार असं धरूनच निवड करा.

पहिला नंबर जास्वंदीचा. साधी लाल, एकेरी पाकळ्यांची. कोवळी पानं तो आवडीने खातो, फुलावर तर तुटून पडतो, आणि फांद्या त्याचं वजन पेलतात. अडचण आषाढात येते. ऊन नसलं की पानं पिवळी पडून गळतात. म्हणून दोन कुंड्या ठेवा, एक आत, एक अंगणात, आणि आलटून पालटून बदला. पिठ्या ढेकूण दिसला तर मऊ ब्रश आणि साधं पाणी. पिंजऱ्यातल्या झाडावर औषध मारायचं नाही, कडुलिंबाचं तेलसुद्धा नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. झाडाची जात सुरक्षित असली म्हणजे कुंडीतलं ते झाड सुरक्षित झालं असं नाही. नर्सरीत इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही कीटकनाशक वापरलं असेल तर ते झाडाच्या रसात भिनतं, पानं कितीही धुतली तरी जात नाही. म्हणून मी जास्वंद विकत घेतलीच नाही. शेजारच्या काकूंच्या कुंपणावरच्या फांद्या मिरगात लावल्या, त्या सहज जगल्या. फक्त कुंपण हापूसच्या बागेला लागून नाही ना, ते बघा. मोहोरावर तुडतुड्यांसाठी फवारणी होते आणि वाऱ्याबरोबर औषध शेजारच्या झाडांवर येतं.

मनी प्लांट पावसात सगळ्यात उत्तम टिकला. रुंद पानांवर थेंब थांबतात आणि वाटीतल्या पाण्याकडे ढुंकूनही न बघणारा हा प्राणी तेच थेंब चाटतो. मनी प्लांटमध्ये कॅल्शियम ऑक्झलेट (तोंडाला खाज आणणारे बारीक स्फटिक) असतं, बरेच पाळणारे तरीही तो ठेवतात. मी जास्वंद भरपूर असेल तरच ठेवतो. स्पायडर प्लांट, अरेका पाम ठीक आहेत, आडोशाला बरे.

कण्हेर, बिट्टी, तगर, चाफा, क्रोटन, शेर, डायफेनबेकिया ही परसातली नेहमीची मंडळी आत नकोच. कण्हेर आणि बिट्टी तर थेट हृदयावर परिणाम करतात. पान तोडल्यावर चीक आला की झाड बाहेर, हा माझा नियम. पण अळू आणि धोतऱ्यात असा दुधासारखा पांढरा चीक दिसत नाही, तेही वर्ज्यच.

कुंडीत खताच्या गोळ्या किंवा पर्लाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे) असेल तर माती पूर्ण बदला आणि वर सरड्याच्या डोक्याहून मोठे गोटे पसरा, म्हणजे माती तोंडात जात नाही. पावसाळ्यात फॉगर (धुकं सोडणारं यंत्र) बंद, पिंजरा चारही बाजूंनी जाळीचा, आणि सकाळी फवारलेलं पाणी दुपारपर्यंत पानांवरून सुकलंच पाहिजे. सुकत नसेल तर आधी एखादी कुंडी कमी करा. कोंदट हवेत या सरड्याची छाती लवकर भरते.