डूलाची सर्व्हिस घेतली, कळांपासून ते नंतरच्या सहा आठवड्यांपर्यंत, माझा अनुभव

पहिल्या बाळंतपणाला डूला हा शब्दच मी ऐकला नव्हता. दुसऱ्या वेळी ठरवून घेतली. आता बाळ तीन महिन्यांचं झालंय, रात्री सलग चार तास झोप मिळायला लागलीय म्हणून लिहायला बसलेय, कारण मी शोधत होते तेव्हा "खूप छान, नक्की घ्या" याच्या पलीकडे कोणी काही सांगतच नव्हतं.

आधी एक क्लिअर करते, डूला म्हणजे सुईण नाही. आमच्याकडे पण हाच गोंधळ झाला, आई म्हणाली अगं डॉक्टर आहेत, नर्स आहेत, मग ही अजून कोण? तर ती आतून तपासत नाही, बीपी घेत नाही, बाळाचे ठोके बघत नाही, औषध देत नाही. ती तुमच्याजवळ थांबते. ऐकायला एवढंसंच वाटतं, पण लेबर रूममध्ये जाऊन आलेल्या कुणालाही विचारा की कळा चालू असताना किती वेळ शेजारी कुणी होतं. पहिल्या वेळी नर्स चांगल्या होत्या पण त्यांच्याकडे अजून चार जणी, त्यात ड्यूटी बदलली की नवीन चेहरा आणि परत पहिल्यापासून सगळं सांगा. (शब्द मूळ ग्रीक आहे म्हणे, अर्थ दासी. मला तो अर्थ अजिबात आवडत नाही.)

आमचं ठरलं होतं ते असं: आधी दोन भेटी, ३८व्या आठवड्यापासून रात्री-अपरात्री कधीही फोन, कळांच्या वेळी पूर्ण वेळ सोबत, आणि नंतर घरी तीन भेटी.

रात्री एकला कळा सुरू झाल्या, फोन केला तर ती म्हणाली कळ आली तरी तू बोलत राहा, ठेवू नकोस. मग कळलं की ती माझं बोलणं कुठे तुटतंय ते ऐकत होती, त्यावरून कळ किती जोराची आहे याचा अंदाज येतो. निघायचं कधी ते मात्र तिने सांगितलं नाही, "ते हॉस्पिटलला विचार, पण पाणी गेलं, रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर एक मिनिट पण थांबू नकोस" असं म्हणाली.

बाळाची पाठ माझ्या पाठीकडे होती त्यामुळे सगळं दुखणं कंबरेत, पोटात जवळजवळ नाहीच. तिने मला हातागुडघ्यांवर ओणवं केलं आणि प्रत्येक कळेला माकडहाडाच्या वर तळव्याने दाब धरून ठेवला. मग नवऱ्याचे हात घेऊन दोन्ही बाजूंनी कंबर कशी आत दाबायची ते त्याला दाखवलं, आणि तो जो पहिल्या वेळी कोपऱ्यात उभा होता तो या वेळी तीन तास माझ्या मागे बसून होता. डूला आली की नवऱ्याची जागा जाते असं खूप जणींना वाटतं, आमच्याकडे उलट झालं.

मधे कळा मंदावल्या, डॉक्टर म्हणाले कळा वाढवायची ड्रिप लावू. ती डॉक्टरांशी एक शब्द बोलली नाही. मला म्हणाली, "तुला काही विचारायचंय का?" मग मी विचारलं की आत्ताच का, तासभर थांबलं तर काय, बाळ कसं आहे. डॉक्टरांनी नीट सांगितलं, आम्ही तासभर थांबलो आणि मग ड्रिप घेतलीच. पुढे एपिड्युरल (कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ते औषध) पण घेतलं. मला वाटलं तिला आवडणार नाही, पण तिने शेंगदाण्याच्या आकाराचा तो मोठा बॉल माझ्या गुडघ्यांमधे ठेवला आणि नर्सला विचारून थोड्या थोड्या वेळाने मला कुशीवर वळवत राहिली. नॉर्मल झालं. सिझर झालं असतं तरी मी हेच लिहिलं असतं.

आकडे हवे असतील तर कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) २०१७ चा रिव्ह्यू आहे, १७ देशांतल्या १५,८५८ बायकांचा. सतत सोबत मिळालेल्यांमधे सिझरचं प्रमाण साधारण पाव हिश्श्याने कमी, कळांचा वेळ सरासरी ४० मिनिटांनी कमी, आणि बाळंतपणाची वाईट आठवण राहणाऱ्याही कमी. पण त्यात सोबत करणाऱ्या नुसत्या डूला नव्हत्या, हॉस्पिटलचा स्टाफ होता, घरची माणसं पण होती. म्हणून माझं मत असं की पैसे मोजकेच असतील (खर्च कमी नाहीच) तर कळांच्या वेळी धीराची बहीण किंवा मैत्रीण तयार करा, आणि डूला बाळंतपणानंतर घ्या.

कारण खरी किंमत मला तिथे कळली. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी, बाळ पकडेना, दोघं रडतोय. तिने आधी हाताने थोडं दूध काढायला लावलं म्हणजे पुढचा भाग मऊ होतो, मग बाळाचं पोट माझ्या पोटाला, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबायचं, हनुवटी आधी टेकवायची. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत निदान सहा ओले लंगोट होतायत का ते मोजायला सांगितलं, त्याने माझी अर्धी भीती गेली.

आणि दुसरं म्हणजे माझं रडू. पहिले काही दिवस रडू येणं खूप जणींना होतं, साधारण दोन आठवड्यांत ते ओसरतं. माझं सोळाव्या दिवशी पण चालूच होतं, बाळ झोपलं तरी मला झोप नाही. घरात सगळे म्हणायचे होतं असं, बाळाकडे बघ. ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "हे डॉक्टरांना आजच सांगायचं," आणि मी फोन लावेपर्यंत शेजारी बसून राहिली. डब्ल्यूएचओचा अंदाज आहे की बाळंतपणानंतर साधारण १३ टक्के बायकांना मानसिक त्रास होतो, मुख्यतः डिप्रेशन. मी त्यातली एक होते. उपचार चालू आहेत, बरं वाटतंय.

तक्रार पण आहे. तिसरी भेट दोनदा पुढे ढकलली आणि शेवटी बॅकअप म्हणून वेगळीच बाई आली जिला मी कधी पाहिलं नव्हतं. त्या अवस्थेत टाके उसवल्यासारखे वाटत असताना अनोळखी माणसासमोर बसणं मला जड गेलं. बॅकअप कोण ते आधीच विचारा आणि तिलाही भेटा. आणि हिच्या आधी एकीला भेटलो होतो, ती पहिल्याच भेटीत म्हणाली की एपिड्युरलला नाही म्हणायचं, डॉक्टर घाबरवतात. तिथूनच उठलो. बहुतेक ठिकाणी या कामाला लायसन लागत नाही, कोणीही स्वतःला डूला म्हणवू शकतं, तेव्हा ट्रेनिंग कुठे झालं आणि किती बाळंतपणांना थांबलीय हे बिनधास्त विचारा.

अजून एक राहिलं, हॉस्पिटलला आधी विचारून ठेवा की नवरा आणि डूला दोघांना आत सोडतात का. काही ठिकाणी एकालाच सोडतात, आणि कळा देता देता दारात उभं राहून ते ठरवायची वेळ कुणावर येऊ नये.