२७ इंची १४४०पी मॉनिटर: फ्रेम कमी झाल्या त्या कोणामुळे?

पाच महिन्यांपूर्वी मी माझा २४ इंची, १०८०पी (१९२० × १०८० पिक्सेल), ६० हर्ट्झचा जुना मॉनिटर बदलून २७ इंची, १४४०पी (२५६० × १४४० पिक्सेल), १६५ हर्ट्झचा आयपीएस (पडद्याचा एक प्रकार) मॉनिटर घेतला. पहिल्या संध्याकाळी डेस्कटॉपवरची रेखीव अक्षरे पाहून मन प्रसन्न झाले आणि गेम सुरू करताच ते खट्टू झाले. ज्या शर्यतीच्या गेममध्ये फ्रेम रेट (सेकंदाला तयार होणाऱ्या चित्रांची संख्या) ८५ ते ९०च्या घरात असायचा, त्याच गेममध्ये तो आता ३०वर येऊन खिळला होता. मॉनिटर परत करण्यापर्यंत विचार गेला होता. तो परत केला नाही याचे आज समाधान आहे. मात्र त्या आठवड्यात जे शोधावे लागले, ते सांगितल्याशिवाय या मॉनिटरविषयीचे मत पूर्ण होणार नाही.

मॉनिटर फ्रेम तयार करत नाही. त्या ग्राफिक्स कार्ड तयार करते आणि मॉनिटर फक्त दाखवतो. त्यामुळे आकडे दोन असतात: कार्ड सेकंदाला किती फ्रेम बनवते आणि पडदा सेकंदाला किती वेळा ताजा होतो (हर्ट्झ). तक्रार करताना आपण या दोन्हींची सरमिसळ करतो, आणि तिथेच शोध भरकटतो. मला सर्वांत उपयोगी पडलेली खूण अशी की, आकडा ६० किंवा ३०वर एकाच जागी स्थिर राहत असेल तर कुठेतरी मर्यादा घातलेली असते, आणि दृश्यानुसार वरखाली होत असेल तर कार्डावर किंवा प्रोसेसरवर खरोखर भार पडत असतो.

माझ्याकडे दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूमधील माहितीच्या पानावर ‘२५६० × १४४०, ६० हर्ट्झ’ असे लिहिलेले दिसले. विंडोजने नव्या पडद्यासाठी ६० हर्ट्झ निवडले होते, आणि सेटिंग्जमध्ये सिस्टिम, डिस्प्ले, प्रगत डिस्प्ले या वाटेने जाऊन ते हाताने बदलावे लागते. शिवाय नवा पडदा जोडल्यावर गेमने आपल्या सेटिंग मूळपदावर नेल्या होत्या आणि व्ही-सिंक, म्हणजे कार्डाच्या फ्रेम पडद्याच्या फेरीशी जुळवणारी सेटिंग, चालू झाले होते. साध्या, दोन बफरच्या (फ्रेम साठवण्याच्या दोन जागांच्या) व्ही-सिंकमध्ये कार्डाला ठरलेल्या वेळेत फ्रेम देता आली नाही तर ती पुढच्या फेरीपर्यंत थांबते. म्हणून ६० हर्ट्झच्या पडद्यावर ५५ फ्रेम देऊ शकणारे कार्डही ३०वर घसरते. व्ही-सिंक बंद करताच आकडा ५० ते ५५च्या दरम्यान हलू लागला. मर्यादा दूर झाली होती. उरला तो खरा भार.

केबलचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. खोक्यात फक्त एचडीएमआयची केबल होती, म्हणून मी तीच लावली. या मॉनिटरवर एचडीएमआयने १४४ हर्ट्झपर्यंतच जाता येते. पूर्ण १६५ हर्ट्झ डिस्प्लेपोर्टनेच मिळतात. माझे कार्ड एनव्हिडियाच्या जीटीएक्स १६ मालिकेतले आहे. एनव्हिडियाने जानेवारी २०१९ मध्ये अडॅप्टिव्ह सिंकच्या, म्हणजे कार्डाच्या गतीनुसार ताजे होणाऱ्या, मॉनिटरना आधार दिला खरा, पण माझ्या कार्डाला या मॉनिटरवर तो डिस्प्लेपोर्टनेच मिळतो. कार्डाच्या मागे पाहिले तेव्हा डिस्प्लेपोर्टवर कारखान्यातून आलेले काळे प्लॅस्टिकचे टोपण तसेच होते. ते काढून वेगळी केबल जोडली, तेव्हा हा मॉनिटर खऱ्या अर्थाने सुरू झाला. ज्यांचा फ्रेम रेट मॉनिटर बदलल्यावर अगदीच एकेरी आकड्यात गेला असेल, त्यांनी केबल मदरबोर्डच्या पोर्टमध्ये तर गेली नाही ना हे आधी पाहावे. तसे असेल तर गेम बहुधा प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्सवर चालत असतो.

आता भाराविषयी. १०८०पीमध्ये सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४०पीमध्ये ३६.९ लाख, म्हणजे प्रत्येक फ्रेमला जवळजवळ १.७८ पट काम. कारण हेच आहे याची खात्री करण्यासाठी मी गेमचे रिझोल्यूशन १०८०पीवर आणले आणि फ्रेम रेट पुन्हा ८५च्या पुढे गेला. तो वाढला नसता तर दोष पिक्सेलचा नसून प्रोसेसरचा किंवा एखाद्या मर्यादेचा ठरला असता. परंतु कायम १०८०पीवर खेळणे हा उपाय नव्हे, कारण प्रत्येक बाजूला १.३३ पट ताणलेले चित्र या पडद्यावर मऊ, धूसर दिसते.

उपयोगी पडला तो एफएसआर, म्हणजे कमी रिझोल्यूशनचे चित्र वाढवून दाखवणारे एएमडीचे तंत्र. एनव्हिडियाच्या अशाच डीएलएसएस या तंत्राला त्यांच्या आरटीएक्स मालिकेचे कार्ड लागते, मी वापरलेल्या एफएसआरला तशी अट नाही. ‘क्वालिटी’ या पायरीवर गेम आतून साधारण १७०७ × ९६० इतकाच रंगवला जातो आणि मग १४४०पीपर्यंत वाढवला जातो. या वाढवण्याचाही थोडा भार असतो आणि दूरच्या कुंपणाच्या तारा किंचित थरथरतात, पण अक्षरे व मेनू पूर्ण १४४०पीमध्ये राहतात. त्याच्या जोडीला सावल्या आणि धुके एकेक पायरी खाली आणले. टेक्स्चरही (पृष्ठभागांवरची चित्रे) एक पायरी कमी केले, कारण कार्डाची ६ जीबी मेमरी १४४०पीला काठोकाठ भरत होती आणि अधूनमधून झटके बसत होते. आता हाच गेम ७५ ते ८०वर चालतो.

आणि या ७५ ते ८० फ्रेम जुन्या पडद्यावरच्या ९०पेक्षा डोळ्यांना अधिक सुखद वाटतात. अडॅप्टिव्ह सिंकमुळे ४८ ते १६५ हर्ट्झच्या पट्ट्यात पडदा कार्डाची वाट पाहतो, त्यामुळे चित्र फाटत नाही आणि व्ही-सिंकसारखे अडखळतही नाही. माझ्या मते या मॉनिटरचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, १६५ हा आकडा नव्हे. रंग उत्तम आहेत, स्टँड भक्कम आहे. ओव्हरड्राइव्हची (पिक्सेल लवकर बदलवणाऱ्या मॉनिटरमधील सेटिंगची) सर्वांत वेगवान पायरी मात्र वापरू नये. त्या पायरीवर, विशेषतः फ्रेम कमी असताना, हलत्या गाडीमागे फिकट कडा उमटते. मधली पायरी योग्य आहे.

उत्पादकाविषयी माझी तक्रार एकच आहे आणि ती गंभीर आहे. खोक्यावर १६५ मोठ्या अक्षरांत छापून आत ती गती न देणारी केबल ठेवणे, आणि माहितीपत्रकात विंडोजमधील सेटिंगचा एका ओळीनेही उल्लेख न करणे, ही ग्राहकाची उपेक्षा आहे. कित्येक जण महिनोन्महिने हा पडदा ६० हर्ट्झवरच वापरत असतील.

ज्यांचे कार्ड १०८०पीमध्येच पूर्ण क्षमतेने चालून ६० फ्रेम देत असेल, त्यांनी आधी कार्डाचा विचार करावा. इतरांना मी हा मॉनिटर निःसंकोच सुचवेन, पण खरेदीपूर्वी जुन्या पडद्यावरच एक चाचणी करून पाहावी. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डीएसआरच्या (पडद्यापेक्षा मोठ्या रिझोल्यूशनवर गेम रंगवणाऱ्या सोयीच्या) यादीत १.७८ पट हा पर्याय असतो. एएमडीच्या कार्डांसाठी अशीच व्हीएसआर नावाची सोय असते. ते चालू केले की गेममध्ये २५६० × १४४० निवडता येते. चित्र १०८०पीच्या पडद्यावरच दिसते, पण कार्ड १४४०पीचे काम करते. त्या वेळी कोपऱ्यात जो फ्रेम रेट दिसेल, साधारण तोच नव्या मॉनिटरवर पहिल्या दिवशी दिसेल.