वेल्सच्या खासदाराचं काम कुठे तपासायचं? हॅन्सार्ड, समित्यांच्या नोंदी आणि देवर्कफॉरयू यांचं परीक्षण

ब्रिटिश संसदेत कोण काय बोललं हे घरबसल्या पाहण्याची सोय फुकट आहे, त्यासाठी खातं उघडावं लागत नाही आणि मजकूर बहुतेक वेळा बोलल्यापासून तीनेक तासांत वाचायला मिळतो. ही सोय खरोखर चांगली आहे. पण ती चार-पाच संकेतस्थळांवर विखुरलेली असल्यामुळे पहिल्याच पानावर थांबणाऱ्याचा हिशेब चुकतो. सभागृहातली भाषणं हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या अधिकृत वृत्तांतात असतात, सिलेक्ट कमिटीत, म्हणजे सरकारच्या कामाची छाननी करणाऱ्या खासदारांच्या समितीत झालेली साक्षीदारांची चौकशी मात्र हॅन्सार्डमध्ये येतच नाही. वेल्सच्या खासदारांच्या बाबतीत ही त्रुटी जास्त जाणवते, कारण त्यांचं बरंचसं महत्त्वाचं काम समितीच्या टेबलावर होतं.

तपासणीसाठी रूथ जोन्स यांचं उदाहरण सोयीचं आहे. एप्रिल 2019 च्या पोटनिवडणुकीत त्या न्यूपोर्ट वेस्टमधून निवडून आल्या. 2024 मध्ये मतदारसंघांची फेररचना झाली, वेल्सच्या जागा 40 वरून 32 वर आल्या आणि त्यांचा मतदारसंघ न्यूपोर्ट वेस्ट अँड इस्लविन झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या वेल्श अफेअर्स कमिटीच्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे बदललेला मतदारसंघ, सर्वत्र आढळणारं आडनाव आणि अध्यक्षपद या तिन्ही अडचणी एकाच नावात सापडतात.

सुरुवात संसदेच्या सदस्य-सूचीपासून करा. नाव टाकलं की पान उघडतं आणि त्यावर मतदान, लेखी प्रश्न, हितसंबंधांची नोंद असे विभाग दिसतात. त्यातल्या ‘स्पोकन कॉन्ट्रिब्यूशन्स’ या विभागात चर्चांची यादी आहे. तिथून थेट हॅन्सार्डच्या त्या परिच्छेदावर जाता येतं. हा मार्ग धरण्याचं कारण असं की, हॅन्सार्डच्या शोधपेटीत नुसतं ‘जोन्स’ टाकलं तर जेरल्ड जोन्स, डॅरेन जोन्स, फे जोन्स, डेव्हिड जोन्स असे सगळे एकत्र येतात. डेव्हिसांचं तर विचारायलाच नको. मॉनमथचे डेव्हिड डेव्हिस आणि इंग्लंडमधले डेव्हिड डेव्हिस यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक, म्हणून हॅन्सार्ड मॉनमथच्या खासदाराचं नाव मधल्या आद्याक्षरांसह छापत असे. सदस्य-सूचीत प्रत्येकाला स्वतंत्र ओळख दिलेली असल्याने हा घोळ होत नाही. मतदारसंघाच्या नावाने शोधणाऱ्यांनी दोन्ही नावं टाकावीत. 2024 च्या आधीच्या मजकुरात ‘न्यूपोर्ट वेस्ट’ असंच छापलेलं आहे आणि ते मागाहून बदललं जात नाही. तेच योग्यही आहे.

या यादीतला आकडा बघून लगेच मत बनवू नका. दहा मिनिटांच्या भाषणात खासदाराने चार जणांना मध्ये बोलू दिलं, तर त्या एकाच भाषणाचे पाच तुकडे पडतात. वेस्टमिन्स्टर हॉलमधल्या, म्हणजे मुख्य सभागृहाबाहेर चालणाऱ्या चर्चेचं अध्यक्षस्थान सांभाळणाऱ्याच्या नावावर ‘ऑर्डर’सारखी एका शब्दाची वाक्यंही जमा होतात. दर काही आठवड्यांनी बुधवारी साडेअकरा वाजता वेल्ससाठी अर्धा तास तोंडी प्रश्न असतात. तिथे एका खासदाराच्या वाट्याला बहुधा एकच पुरवणी प्रश्न येतो आणि तो तीन-चार वाक्यांत संपतो. ही नोंद आणि विधेयकावरचं वीस मिनिटांचं भाषण यादीत एकाखाली एक दिसतात. तेव्हा यादीत चर्चेचा प्रकार बघा, मग मजकूर उघडून त्याची लांबी बघा.

मजकूर कितपत विश्वासार्ह आहे? हॅन्सार्ड अक्षरशः नोंद नाही आणि तसा दावाही करत नाही. पुनरुक्ती गाळायची, उघड चुका दुरुस्त करायच्या, पण अर्थामध्ये भर घालणारं काहीही वगळायचं नाही, हा त्याचा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनचा नियम आहे. त्यामुळे अडखळणं किंवा अर्धवट सोडलेलं वाक्य तिथे सापडणार नाही. नेमका शब्द महत्त्वाचा असेल तर पार्लमेंटलाइव्ह टीव्हीवरचं चित्रण लावून पाहा. हॅन्सार्डमध्ये दर थोड्या वेळाने घड्याळाची वेळ दिलेली असते, तिच्या आधारे चित्रणातली जागा मिनिटभरात सापडते. उद्धृत करताना तारीख, खंड आणि स्तंभ तिन्ही लिहा. स्तंभाच्या आकड्यापुढे ‘डब्ल्यूएच’ असेल तर ती वेस्टमिन्स्टर हॉलमधली चर्चा असते. तो राहून गेला तर वाचणारा मुख्य सभागृहाच्या भलत्याच पानावर पोहोचतो. चुकीचं विधान दुरुस्त करण्याची औपचारिक सोय पूर्वी मंत्र्यांपुरतीच होती, आता ती इतर सदस्यांनाही आहे. म्हणून जुनं वाक्य वापरण्याआधी त्यावर दुरुस्तीची खूण आहे का, हे पाहून घ्या.

आता समित्या. इथे सेवेची खरी ताकद आहे आणि सगळ्यात मोठा गोंधळही. ‘समिती’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. विधेयक कलमवार तपासणाऱ्या पब्लिक बिल कमिटीचा आणि वेल्सच्या प्रश्नांवर चर्चा करणाऱ्या वेल्श ग्रँड कमिटीचा वृत्तांत हॅन्सार्डमध्ये मिळतो. वेल्श ग्रँड कमिटीत वेल्श भाषेत बोलता येतं. वेस्टमिन्स्टरमधल्या बैठकीत ते पहिल्यांदा 7 फेब्रुवारी 2018 रोजी घडलं, आणि हॅन्सार्डने मूळ वेल्श वाक्यं इंग्रजी भाषांतरासह छापली. वेल्श अफेअर्स कमिटी ही मात्र सिलेक्ट कमिटी आहे. तिची जागा समित्यांच्या वेगळ्या संकेतस्थळावर.

याचा परिणाम काय होतो ते टाटा स्टीलच्या प्रकरणात दिसतं. जानेवारी 2024 मध्ये कंपनीने वेल्समधल्या पोर्ट टॅलबॉटच्या पोलाद कारखान्यातल्या दोन्ही झोतभट्ट्या बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. 2,800 पर्यंत नोकऱ्या जाणार होत्या. त्यानंतर कंपनीचे मुख्य कार्यकारी टी. व्ही. नरेंद्रन वेल्श अफेअर्स कमिटीपुढे आले आणि खासदारांनी त्यांना समोरासमोर प्रश्न विचारले. ज्या कंपनीचे निर्णय मुंबईतून होतात, तिच्या प्रमुखाला वेल्समधल्या कामगारांबद्दल जाहीर जाब द्यावा लागला. ही साक्ष आपल्या वाचकांनीही मुळातून वाचावी इतकी महत्त्वाची आहे. आणि ती हॅन्सार्डमध्ये शोधत बसलात तर सापडणार नाही. समित्यांच्या संकेतस्थळावर समितीचं नाव निवडा, मग ‘ओरल एव्हिडन्स’ आणि मग तारीख. आपल्याकडे संसदीय समित्यांच्या बैठका नियमानेच बंद दाराआड होतात, त्यामुळे कुठल्या सदस्याने काय विचारलं हे बाहेर कळत नाही. तिथे एकेक प्रश्न क्रमांकासह वाचता येतो. या एका बाबतीत सेवेला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत.

पण वृत्तांत वाचण्याची रीत माहीत हवी. पहिल्या पानावर हजर सदस्यांची नावं असतात, पुढे ‘क्यू 1’, ‘क्यू 2’ असे प्रश्न. सदस्याचं नाव शोधलं की त्याचे प्रश्न सापडतात, फक्त अध्यक्षाचे सापडत नाहीत. अध्यक्षाच्या प्रश्नापुढे नाव न छापता ‘चेअर’ एवढंच छापतात. रूथ जोन्स यांचं नाव अध्यक्षपदाच्या काळातल्या वृत्तांतात शोधलं तर ते पहिल्या पानाबाहेर जवळपास दिसत नाही आणि त्या गप्प बसल्या होत्या असा भलताच समज होतो. तिथे ‘चेअर’ हाच शब्द शोधावा लागतो. उलट 2022 च्या वृत्तांतातला ‘चेअर’ म्हणजे स्टीफन क्रॅब, हेही ध्यानात ठेवायला हवं. वृत्तांतावर ‘अनकरेक्टेड’ असा शेरा असेल तर साक्षीदाराने आणि सदस्यांनी तो अजून तपासलेला नाही असं समजा. त्यातले आकडे उचलू नका.

समितीची अहवालावरची चर्चा खासगी असते, तिचा वृत्तांत नसतो. मतभेद झाले का, कुणी दुरुस्ती मांडली, मत कुणी कुणाकडे टाकलं, हे ‘फॉर्मल मिनिट्स’मध्ये मिळतं. ही कागदपत्रं फार कोरडी असल्याने कुणी उघडत नाही, पण एखाद्या सदस्याने पक्षाविरुद्ध भूमिका घेतली असेल तर ती तिथेच उघड होते.

लेखी प्रश्नांची पेटी आणखी वेगळी. सप्टेंबर 2014 पासून लेखी उत्तरं हॅन्सार्डमध्ये छापली जात नाहीत. ती प्रश्नोत्तरांच्या स्वतंत्र संकेतस्थळावर आहेत आणि तिथे सदस्यानुसार गाळणी उत्तम चालते. 

जुन्या काळासाठी ‘हिस्टॉरिक हॅन्सार्ड’ आहे, 1803 ते 2005. शोध कच्चा आहे, स्कॅनिंगमधल्या चुका आहेत, काही खंडच नाहीत. तरी मर्थर टिडफिलचे खासदार केर हार्डी हिंदुस्थानच्या प्रश्नांवर काय बोलत, हे वाचायचं तर इथेच यावं लागतं. 1907 साली त्यांनी हिंदुस्थानचा दौरा केला होता. 1909 च्या आधीची भाषणं बहुतेक तृतीयपुरुषी सारांशात आहेत, ती त्यांचे शब्द म्हणून अवतरणात घालू नयेत.

मायसोसायटी या संस्थेचं देवर्कफॉरयू वाचायला सगळ्यात सोपं. 2004 पासून चालू आहे, सभागृहातली चर्चा सरळ मांडणीत देतं, कार्डिफमधल्या सेनेडचं, म्हणजे वेल्सच्या विधिमंडळाचंही कामकाज घेतं. मात्र सिलेक्ट कमिटीतली साक्ष तिथेही नाही. वेल्समधली रुग्णालयं आणि शाळा हे विषय सेनेडच्या अखत्यारीत येतात, म्हणून त्यांवर खासदाराची भाषणं कमी दिसली तर आश्चर्य नको. ते कार्डिफच्या वृत्तांतात शोधा. पूर्ण सभागृहाचा वृत्तांत दोन्ही भाषांत मिळतो. समितीचा ज्या भाषेत बोलणं झालं त्याच भाषेत, वेल्श असेल तर सोबत दुभाष्याचं इंग्रजी. सेनेडचे सदस्य 2026 च्या निवडणुकीपासून 60 ऐवजी 96 असल्याने तिथेही नाव निवडताना सूचीचाच आधार घ्या.

देवर्कफॉरयूची ईमेल-सूचना जरूर लावा. सदस्याच्या नावाची एक, आणि विषयाची दुसरी. विषय दोन शब्दांचा असेल, समजा ‘पोर्ट टॅलबॉट’, तर इंग्रजीत लिहून अवतरणचिन्हांत घाला. नाहीतर बंदरांवरची प्रत्येक चर्चा टपालात येऊन पडण्याचा धोका आहे. समितीच्या बैठकांसाठी या सूचनेवर विसंबू नका. समित्यांच्या संकेतस्थळावर त्या समितीच्या बातमीपत्रासाठी ईमेल पत्ता वेगळा नोंदवावा लागतो.